आरेच्या बसचा चार्ट

सोम. २० जाने.
मरोळच्या ऑफिसात नवं काम. बस-रिपोर्टचे चार्ट सुधारायचे. मागच्या वर्षीचे मीनलने केलेले. शेजारीच बसते, मला इथे नोकरीला लावलं तिनेच. आरेच्या बसचा चार्ट उघडला. प्रवाशांची रेघ घसरतेय, वर बाण: ‘मेट्रो सुरू’. फेऱ्या किती धावल्या, कुठेच नाही. मी फेऱ्यांची रेघ टाकून बघितली. आधी फेऱ्या कमी झाल्यात, मग माणसं. मेट्रो त्याच्यानंतर! शुक्रवारी क्लायंटबरोबर, म्हणजे बसवाल्यांबरोबर, मीटिंग. बस ठेवायची की बंद करायची, त्यावरच ठरणार.

मंगळ. २१
चहाच्या टपरीवर मीनलला मोबाइलवर दाखवलं.
“म्हणजे माझ्यामुळे बस बंद पडतेय?”
“तसं नाही गं…”
“मग कसं?”
चहा अर्धा ठेवून गेली.
सामंत सर, आमचे साहेब, त्यांना सांगितलं. “एक रेघ, एक कारण. दोन रेघा दिसल्या की क्लायंट प्रश्न विचारतो.” विचारू दे ना! ओठावर आलं होतं.

बुध. २२
ऑफिसच्या आधी आरेत जाऊन स्टॉपवर उभी राहिले. कामाला निघालेल्या बायका, सगळ्यांच्या माना वळणाकडे. बस नाहीच. शेवटी तिघी-तिघी करून रिक्षात. “ताई, येताय का? शेअर.” बसले. आमच्या चार्टमध्ये या बायका मेट्रोने जातात.
मीनल दिवसभर कानात हेडफोन घालून. माझ्याकडे बघितलंही नाही.

गुरु. २३
मीनल स्वतःहून बोलली. आवाज सपाट. “तुझा चार्ट पण चुकलाय. शेवटच्या महिन्यांत नुसती तिकिटं मोजलीस. पासवाले कुठे गेले?”
बरोबर होतं तिचं.
“हे उद्या मीटिंगमध्येच सांगायचं ना, आज का सांगितलंस?” मी विचारलं.
“सांगणार होते.”
एवढंच. मग खुर्ची ओढून बसली. पासवाले धरले तर घसरण कमी दिसते. पण उरते ती फेऱ्यांच्या मागोमागच. दोघींनी मिळून नवा चार्ट केला. मधे एकदा हसली. कशाला, कळलं नाही.

शुक्र. २४
वाट लागली होती. सरांनी ऐनवेळी जुनाच चार्ट पडद्यावर लावला. क्लायंटकडच्या मॅडम म्हणाल्या, “म्हणजे लोकांनाच बस नकोय?” सर हो म्हणून मान हलवणार, तेवढ्यात मीनल उभी. “मॅडम, हा चार्ट मी केलाय. चुकीचा आहे. नवा दाखवते.”
दाखवला. मग मॅडम: “हा मला मेल करा. बघून ठरवू.” सर नुसत्या ओठांनी हसले. मीटिंग उठल्यावर मीनलला केबिनमध्ये घेतलं. बाहेर आली ती थेट पर्स घेऊन लिफ्टकडे. मी हाक मारली. थांबली नाही.

सोम. २७
डब्याच्या सुट्टीत लिहितेय. मीनलची खुर्ची रिकामी. “रजेवर आहे,” सर म्हणाले. कधीपर्यंत? त्यावर एवढंच: “मॅडमना दोन्ही चार्ट पाठव. खाली लिही, टीममध्ये दोन मतं आहेत.”
दोन मतं? बस आली की नाही आली, यात मत कसलं?
नवा एकटाच पाठवला. सरांना कॉपी ठेवली, लपवाछपवी नको. मीनलला फोन, उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज: “पाठवलास?” हो म्हटलं. “येडी आहेस,” आणि पुढे काहीच नाही.
मॅडमचं उत्तर अजून नाही. केबिनचं दार उघडलं, सर माझं नाव घेतायत. जाते.