बरणीतलं आलं

हेळवाक, कोयनानगर
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रियदर्शनी हिला अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक आहे. थंडी पडल्यापासून आप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुमची खुशाली कळवत जा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात जयराजरावांचा फोन आला होता. आप्पा फोनचा स्पीकर लावतात, त्यामुळं तुझी बातमी मला आणि शेजारच्या दोन घरांना एकदमच कळली. फार आनंद झाला. पण तुझ्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही, भाताचा वास आला तरी उठून पळतेस, हे ऐकून जीव घाबरा झाला. डॉक्टरीणबाईंनी आल्याचा लहानसा तुकडा चघळायला सांगितलं म्हणून जयराजरावांनी दुकानातून आल्याच्या गोळ्या आणल्या, तर तू म्हणे एक तोंडात घातलीस आणि म्हणालीस, "ही नाही, ती." ती म्हणजे कुठली, असं त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांनी मला विचारलं. मी म्हटलं, "बघते."

मला कळलं होतं, ती म्हणजे कुठली.

तर सोबतच्या स्टीलच्या डब्यात साखरेत पाकवलेलं आलं आहे. हे तिसऱ्या खेपेचं. पहिल्या खेपेला आप्पांनी पाटणच्या बाजारातून आपल्या पसंतीनं आलं आणलं. चांगलं जाडजूड, राकट, जून. असलं आलं चहात ठेचायला ठीक, पण त्याच्या फोडी चावल्या तर तोंडात नुसती सुतळी राहते. दुसऱ्या खेपेला कोवळं आणलं, पण मी ते एकदाच उकळलं, शिवाय पाक पुढं गेला आणि सगळ्या फोडींची मिळून एक वीट झाली. बत्त्यानं फोडून एक तुकडा आप्पांना दिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं म्हणाले, "रंगू, ह्ये औषद हाय का शिक्षा?"

मग मी अंबूबाईंकडं गेले. कॉलनीतल्या आपल्या शेजारच्या अंबूबाई. आता पंचाहत्तरीच्या असतील, लेकाजवळ इथंच रस्त्याला राहतात. तुझी आई आलं पाकवायची तेव्हा त्या शेजारी बसून गप्पा मारायच्या. मी विषय काढला तर म्हणाल्या, "आत्ता इच्यारतीस व्हय गं? बावीस वर्सं कुटं गेली हुतीस?" मग सगळं नीट सांगितलं.

ज्याची साल नखानं निघते असलंच आलं घ्यायचं. चमच्याच्या कडेनं खरवडायचं, पातळ चकत्या करायच्या आणि दोनदा वेगवेगळ्या पाण्यात उकळायच्या. मग चकत्यांच्या वजनाइतकी साखर, बुडण्यापुरतं पाणी आणि मंद आच. चकती उजेडात धरल्यावर काचेसारखी दिसली की आलं झालं. पण पाक अजून आटायचा असतो. त्याचे बुडबुडे मोठे होतात, आवाज जड होतो, आणि मग एकदम पाक पांढरा पडून साखर चकत्यांना धरते. त्या वेळी दारात कुणीही आलं तरी हात थांबवायचा नाही. नंतर ताटात पसरून दोन दिवस पातळ कापडाखाली ठेवायचं. तुझी आई म्हणे कापडाची टोकं ताटाखाली दुमडायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मीही दुमडली.

पहिली चकती मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. आधी नुसती साखर लागली. मग मऊसर चावलं गेलं आणि जिभेच्या कडांनी तिखट वर आलं. कानापर्यंत गेलं. छाती मोकळी झाली. इतकी चांगली वस्तू मी आजवर करून बघितली नव्हती, याचं मला आश्चर्य वाटलं. आणि मग लक्षात आलं की ही चव मला नवी नाही. पूर्वी एकदा घेतली आहे, चहातून.

खरं तर पत्र इथंच संपवायचं. डबा झाला, कृती झाली. दोनदा संपवलंही होतं. दोन्ही कागद फाडले.

प्रियदर्शनी, मी म्हसवडची. आमच्याकडं ठेवलेली वस्तू वाळते, कडक होते, पण ओली होत नाही. तुझ्या आईच्या माघारी लग्न होऊन आषाढात कोयनेत आले तर मीठ पाझरलेलं, काडी पेटेना, ट्रंकेतल्या लुगड्यांना बुरशी. महिनाभरात मी धास्तावून गेले होते. जे हातात घ्यावं ते नासलेलंच वाटायचं. त्यात एके दिवशी फळी पुसताना पिठाच्या डब्यामागं काचेची बरणी सापडली. आत चौदा-पंधरा करडे, चिकट तुकडे, आणि तळाला पाणी सुटलेलं. साखर पावसात पाझरते आणि पुन्हा वाळवली की ते आलं चांगलं होतं, हे मला कोण सांगणार? ओतून टाकायला निघाले, तर वास आल्याचा आला.

तेवढ्यात आप्पांबरोबर पॉवर हाऊसवरची चार माणसं दारात. साहेबांची नवी बायको बघायला. घरात आलं नव्हतं आणि दूध बेताचं होतं. मी बरणी चहाच्या पातेल्यात पालथी केली. उकळलं, गाळलं, चोथा बाहेर टाकला, बरणी घासून ठेवली.

तो चहा फार चांगला झाला होता. माणसं म्हणाली, "वैनी, असला च्या साऱ्या कोयनेत न्हाई." आणि आप्पा हसले. लग्नाला महिना झाला होता, मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. तोवर त्या घरात मला चांगलं असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळे मला बघायचे आणि त्यांना तुझी आई दिसायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी दिसले.

तू शाळेतून आलीस. दुसऱ्या दिवशी मामाबरोबर सांगलीला आजोळी जायचं होतं, आणि पाटणच्या वळणांवर तुला गाडी लागायची. दप्तर पाठीवर तसंच ठेवून तू फळीपाशी गेलीस. बरणी बघितलीस आणि म्हणालीस, "ह्यातलं आलं कुठंय? आईनं केलेलं?"

तेव्हा मला कळलं. हे मला आधी माहीत नव्हतं, एवढं एकच वाक्य या सगळ्यात माझ्या बाजूचं आहे. त्यापुढचं सगळं मी समजून उमजून केलं.

आप्पा अजून माझ्या चहाचंच बोलत होते. मी म्हणाले, "बरनी रिकामीच हुती. हिनंच खाल्लं आसंल." तू म्हणालीस, "नाही. चौदा होते. मी मोजून ठेवलेले. ह्यांनी टाकले." आप्पा म्हणाले, "घरात आल्याली बाई, तिच्यावर आळ घेतीस? खोटं बोलतीस?" आणि त्यांनी तुला मारलं. तोवर त्यांनी तुझ्यावर कधी हात उचलला नव्हता, हे मला नंतर अंबूबाईंकडून कळलं.

तू रडली नाहीस. त्यांच्याकडं बघितलंही नाहीस, माझ्याकडं बघितलंस. मी कपबशा विसळायला घेतल्या.

मघाशी मी चौदा-पंधरा लिहिलं. चौदाच होते. तू सांगितलेस तेवढेच.

दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. मग तू आजोळाहून आलीस की सांगेन म्हटलं. असं करत करत ते अंगवळणी पडलं. वाईट त्या एका थपडेपुरतं राहिलं असतं तर मी कदाचित गप्पच मेले असते. पण त्या दिवसानंतर तू काहीही सांगितलंस की आप्पा आधी माझ्याकडं बघायला लागले. तुझ्या लक्षात आलं होतं, मला माहीत आहे. दहावीच्या सहामाहीला तू म्हणालीस, अंगात ताप आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तुझ्या कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "हाय." मग त्यांना ते पटलं. तुझ्या बापासमोर तुझं खरं-खोटं मी ठरवत होते. मी!

दहावी झाली आणि तू कॉलेजला म्हणून मामाकडं सांगलीत विश्रामबागला गेलीस. लग्नही तिथूनच झालं. इकडं कुणी विचारलं की आम्ही सांगतो, तिला घाटात गाडी लागते. तूही तेच सांगतेस. पण गाडी लागणारी माणसंही वर्षातून एकदा घरी येतात.

काल सकाळी आप्पांना ताटातली एक चकती दिली. खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आगदी तिच्या आईसारकं झालंय." मी जवळ बसले आणि सांगितलं. सगळं, जसं तुला लिहिलं आहे तसंच.

बोटांची साखर पुसली. मग म्हणाले, "म्हंजी पोरगी खरं बोलत हुती."

"व्हय."

"आन् म्या मारलं तवा तू हितंच हुतीस."

"व्हय."

उठून बाहेर गेले. रस्त्याकडंला उभे राहिले. मला वाटलं, आता आले की मला बोलतील, एखाद्या वेळी हात उचलतील, तर बरं होईल. आत आले आणि एवढंच विचारलं, "त्यो च्या म्याबी प्यालो हुतो?"

मी म्हटलं, "दोन कप."

तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. आज सकाळी चहाही त्यांचा त्यांनी केला. दूध उतू गेलं, ते त्यांनीच पुसलं. मी म्हटलं, डबा आणि पत्र कुरियरनं पाठवते, तर मानेनंच नको म्हणाले आणि पिशवीत कपड्याचा एक जोड भरला. सोमवारी सकाळच्या गाडीनं कऱ्हाडला आणि तिथून सांगलीला तुझ्याकडं येतील. त्यांनी हे पत्र वाचलेलं नाही. तुझ्यासमोर काय बोलायचं ते त्यांचं ते बोलतील. त्यांना पटकन शब्द सुचत नाहीत, जरा वेळ दे.

आता तुझ्या बाळंतपणाचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तू सांगलीतच करायचं ठरवलं आहेस. आप्पांनी तुला कधी म्हटलं नाही, पण त्यांनी मागची खोली आतापासूनच रिकामी केली आहे, तिथं ऊन येतं म्हणून. तुला यावंसं वाटलं तर ये. मी त्या वेळी म्हसवडला भावाकडं जाऊन राहीन, तू परत जाईपर्यंत. अंबूबाईंची सून सगळं करायला तयार आहे, मी तिच्याशी बोलले आहे. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. माझ्या हातचं जेवण तुझ्या घशाखाली कसं उतरेल, हे माझं मलाच कळत नाही, म्हणून लिहिते. तुला तुझं घर मिळावं. मी त्यात नसले तर ते मिळणार असेल तर मी नसेन.

नाही आलीस तरी कोवळं आलं मिळतंय तोवर डबा येत राहील. एका वेळी एकच तुकडा गालात ठेव, चावू नकोस, आणि दिवसाला किती खायचे ते डॉक्टरीणबाईंना विचार. मला तुझी माफी हवी आहे. फार हवी आहे. पण ती या डब्याच्या बदल्यात देऊ नकोस.

दिवाळीच्या पार्सलवर आप्पा सांगायचे म्हणून मी दर वर्षी "तुझी आई" असं लिहीत आले. तू मला कधी आई म्हणाली नाहीस, मावशी नाही, काकू नाही. माझ्याशी बोलताना नुसतं "ऐकलं का" म्हणायचीस. तेच बरोबर होतं. आज मी "तुझी" एवढंच लिहून पुढं कोरं ठेवते. तिथं काही लिहायचं की नाही, आणि लिहायचं तर काय, ते तू ठरव. तू जे लिहिशील ते खरं असेल.

तुझी

रंगू