काहिलीत भिजत घातलेलं दार

सिरसाळा, सोमवार

आदरणीय सर्जेराव दाजी,

सुंदररावाचा सविनय जयभीम, विजयमाला आक्कालाही. आक्काचा गुडघा कसा आहे? तुमचं ब्लडप्रेशर गोळीचं ऐकतं, की तुमच्यासारखंच कुणाचंच ऐकत नाही? आणि मांजरसुंब्याच्या तुमच्या ढाब्यामागं उभ्या असलेल्या जुन्या गाडीत अंडी घालणाऱ्या कोंबड्या खुशाल आहेत ना? (कोंबड्यांची चौकशी उगीच करत नाही, पण ते पुढं येईल.) इकडं आम्ही बरे आहोत. म्हणजे आम्रपाली आनंदात आहे आणि मी गंजात आहे.

आनंदाची बातमी आधी सांगतो. आम्रपाली येत्या एक तारखेला माजलगावला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून रुजू होते. ती म्हणते एसटीनं जाईन, आणि मी म्हणतो आपल्या पांढऱ्या गाडीनं ऑफिसच्या फाटकापर्यंत जायचं. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसानं एसटीला नावं ठेवू नयेत, मी ठेवतही नाही. पण किती जणांच्या लेकी मी पहिल्या नोकरीवर पोचवल्या, त्यांच्या बॅगा वर चढवल्या, त्यांच्या बापांना खिडकीशी डोळे पुसताना पाहिलं! आता माझी पाळी आली आहे आणि मला ती चुकवायची नाही. (मला गाडी चालवता येत नाही हे तुम्ही चारचौघांत सांगता, ते माझ्या कानावर आलंय. गाडी आम्रपाली चालवते. मी डावीकडं बसून सूचना देतो. दोन्ही कामं सारखीच अवघड आहेत.)

निघताना खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्याशिवाय पोरगी गाडी हलवत नाही, मी तिला शिकवलंच तसं. तर गेल्या महिन्यात पहिली थाप वाजली आणि दुसरीला माझा हात मनगटापर्यंत दाराच्या आत गेला. आधीचा मालक गाडी उसाच्या पाटाकडेला उभी करायचा, त्याचं हे फळ. आमच्या मुंजाजी डेंटरनं गाडीभोवती फिरत हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात पत्रा कमी आन् रंगच जास्ती हाय." खालचा तळ त्यानं कापून काढला, नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला, पुट्टी भरून वर लाल प्रायमर मारला. काम चोख झालं. डाव्या दाराला तेवढा मी त्याला हात लावू दिला नाही, कारण मध्ये नवनाथ आला.

नवनाथ म्हणजे आमचा शेजारी, पशुखाद्याचा दुकानदार. साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवून तो त्यात जुने नांगराचे फाळ बुडवून ठेवतो. फाळ नव्यासारखे निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग फाळ निघतो तर दार का निघू नये? (हा प्रश्न मुंजाजीला मोठ्यानं विचारला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.) गुऱ्हाळ बंद पडल्यापासून नवनाथची गुळाची काहील पालथी पडली होती. ती घरामागं आणली, मळी ओतली आणि दार त्यात निजवलं. आधी मुंग्या आल्या, मग सारजाबाईची शेळी आली. उन्हानं मळी आंबली आणि वास वेशीपर्यंत गेला, तेव्हा एरवी मला टाळणारी दोन-तीन माणसं येऊन आपुलकीनं विचारू लागली की तयार कधी होणार.

दाजी, दर रविवारी विहारात वंदना मी घेतो. त्या रविवारी पाचव्या शीलाला, म्हणजे नशापाणी करणार नाही म्हणताना, अख्खा विहार माझ्याकडं बघत होता. वंदना संपल्यावर महिला मंडळाच्या केशरबाई पाच-सहा बायकांसह थेट घरामागं आल्या. हातात खराटे. "सुंदरराव, आमाला शील सांगता आन् सोताच्या घरामागं हे काय लावलंय? ओता आधी!" मी बाह्या वर सारून काहिलीतून दार उचललं आणि ठिबकत त्यांच्यापुढं धरलं. खराटे खाली आले. मग केशरबाई म्हणाल्या, "असलं खूळ कुटं बगितलं न्हाई. लई डोकं हाय बाबा तुमाला."

गंज गेला, हे मान्य करावं लागेल. गंजाबरोबर दारही गेलं, कारण बरंचसं दार गंजाचंच होतं. माझ्या हातात काचेची चौकट, कडी आणि एक बिजागरी उरली. काहील मात्र आतून लख्ख झाली. तरीही मी निराश नाही. तळ मजबूत आहे, इंजिन एका चावीत उठतं, पोरगी इंजिनिअर आहे. एक तारीख आम्ही गाठणारच.

आक्काला औषध वेळेवर द्या, स्वतःही घ्या. थोरांना नमस्कार, कोंबड्यांना माया.

तुमचा मेहुणा,
सुंदरराव

ता. क. – तुमची कोंबड्यांची गाडी आणि आमची गाडी एकाच जातीची आणि एकाच रंगाची. तिचं डावं दार शाबूत आहे, हे मी मागच्या भेटीत हळूच ठोकून पाहिलंय. कोंबड्यांना दाराची तशी गरज नसते.

दुसरा ता. क. – अर्थात तुमची इच्छा नसेल तर राहू द्या. पत्र खुशालीसाठीच लिहिलं होतं. दार पाठवलंत तर कडीसकट पाठवा.

तिसरा ता. क., आम्रपालीकडून – आत्या, पत्र मामांच्या नावाचं असलं तरी वाचणार तू, म्हणून तुला लिहिते. पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याकडेच दिलंय. मी एसटीचा हट्ट धरला तो बाबांची धावपळ वाचावी म्हणून. काल मी गाडी नुसती अंगणात फिरवायला काढली. बाबा सवयीनं शेजारी येऊन बसले, हात बाहेर काढला आणि तसाच हवेत धरून बसले. थाप मारायला दारच नाही. आत्या, त्या दोन थापा ऐकल्याशिवाय मला पहिल्या दिवशी निघायचं नाही. मामांना सांग, कोंबड्या मी सांभाळते, पण दार पाठवा.