अकरा मिनिटांचं उड्डाण

५ जानेवारी, रविवार
मेहुण्याने आज त्याच्या क्लबच्या मैदानावर नेलं. तिथे रिमोटवरची ग्लायडरं उडवतात. मोटर नाही, आवाज नाही. पंखाचं टोक धरायचं, थाळीफेकवाल्यासारखी स्वतःभोवती गिरकी घ्यायची आणि द्यायचं सोडून. मग वर चढणारी गरम हवा शोधून तिच्यावर घिरट्या घालत राहायचं. रिमोटला दोन दांडे. मला हसू आलं. बावीस वर्षं टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून दोन दांड्यांवर टनांनी लोखंड फिरवतोय, आणि हे तर हातभर खेळणं! मेहुणा म्हणाला, भाऊजी, नीट यायला वर्ष लागतं. त्याला लागलं असेल. तो पोस्टात आहे.
संकल्प: ३० मार्चच्या क्लबच्या स्पर्धेत उतरायचं. दहा मिनिटं हवेत राहिलं की झालं.

१२ जानेवारी
पहिलं उड्डाण. गिरकी उत्तम. सोडायची वेळ किंचित चुकली. ग्लायडर पुढे जायच्या ऐवजी डावीकडे गेलं आणि मेहुण्याच्या कानावर आपटलं. तो तिथे उभा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हाताच्या अंतरावर होता म्हणे. शिकवणाऱ्याने समोर उभं राहायला नको का?
नाक मोडलं. विमानाचं. मेहुण्याचा कान शाबूत आहे.

१५ जानेवारी, बुधवार
साइटवर किरकोळ प्रकार. काँक्रीटची बादली अकराव्या मजल्याच्या कठड्याला घासली. शिट्टी वॉकी-टॉकीवर ओरडला, अरे थांब थांब! ओरडायचं होतं तर आधी ओरडायचं. शिट्टी म्हणजे आमचा सिग्नलमन. अठरा वर्षं तो खाली आणि मी वर. वॉकी-टॉकी यायच्या आधी शिट्टी फुंकायचा, तेव्हापासून हेच नाव. माणूस चांगला, पण हल्ली वय दिसतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तरी.

१९ जानेवारी
नाक चिकटवलं. आज तीन वेळा उडवलं, तिन्ही वेळा विमान आकाशात हरवलं. दोष रंगाचा. पांढऱ्या आकाशात पांढरं विमान कुणाला दिसणार? बाकीच्यांना दिसत होतं, पण त्यांना सवय आहे. मेहुणा ओरडत होता, भाऊजी, डोक्यावर आहे, डोक्यावर! मी डोक्यावर बघितलं. नव्हतं. मग मागे पडल्याचा आवाज आला.
संध्याकाळी पंखांना खालून काळे आणि लाल पट्टे मारले. ही म्हणाली, डबा नीट ठेवा, लाथ लागेल. लागली. फरशीला लाल रंग. डबा ठेवण्याची जागाच चुकीची होती.

२४ जानेवारी, शुक्रवार
वार्षिक तपासणी. तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. डोळे तपासणाऱ्या बाईच चकित. त्यांना उगाच काहीतरी सांगायचं असतं, म्हणून म्हणाल्या, समोरचं छान दिसतंय तुम्हाला, पण एकदा बाजूच्या नजरेची टेस्ट करून घ्या, घरात कुणाला काचबिंदू होता का? मी नाही म्हणालो. वडिलांना शेवटची सहा वर्षं दिसत नव्हतं, पण ते म्हातारपणामुळे. तेव्हा ते साठीचे होते.
फॉर्मवर सही मिळाली. बाजूला बघायचं असेल तर मान वळवता येते, त्यासाठी टेस्ट कशाला?

२ फेब्रुवारी
मैदानावर गेलोच नाही. मेहुण्याने कॉम्प्युटरवर घालून दिलेला सराव केला. पडद्यावर विमान, हातात रिमोट. सलग चाळीस मिनिटं उडवलं! एकदाही हरवलं नाही. म्हणजे हात पक्का आहे, नजर पक्की आहे. गडबड मैदानात आहे. तिथली हवा धुरकट.

९ फेब्रुवारी
अपमान. विमान पुन्हा गेलं, ते थेट क्लबच्या सेक्रेटरीच्या गाडीच्या काचेवर. काचेला तडा. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढे यांनी शेजारी बघणारा माणूस असल्याशिवाय उडवायचं नाही. विमान कुठे आहे ते त्याने सांगत राहायचं. मी म्हणालो, लहान मूल आहे का मी? मेहुणा बुटांकडे बघत होता.
ही पुढे आली आणि म्हणाली, मी उभी राहीन. बायकोलाही या खेळाची गोडी लागली तर! बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. आठवड्यात तिसऱ्यांदा. हिने मोरीजवळचं स्टूल हलवून माळ्यावर टाकलंय, चपलांचा स्टँडही उचललाय. सारखं सामान इकडून तिकडे करते, मग माणूस आपटणार नाही तर काय? म्हणाली, अहो, डॉक्टरांची वेळ घेऊ का? मी म्हणालो, खांद्यासाठी डॉक्टर? तिने भात वाढला. मग म्हणाली, मामंजी असेच आपटायचे. मी पानावरून उठलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज साइटवर अपघात झाला. लिहून ठेवतो, कारण नंतर लोक काहीही बोलतात.
सकाळी शिट्टीच्या वॉकी-टॉकीची बॅटरी गेली. साहेबांना घाई होती. साहेब म्हणजे साइट इंजिनिअर. म्हणाले, हाताच्या खुणांवर चालवा. सळयांचा गठ्ठा सहाव्या मजल्यावर उतरवत होतो. शिट्टी समोर उभा असायला हवा होता. नव्हता. गठ्ठा फिरला, त्याचं टोक शिट्टीच्या उजव्या खांद्यात बसलं आणि तो स्लॅबवर कोसळला. तो स्लॅबच्या डाव्या कडेला उभा होता, असं नंतर कळलं. मला थांबण्याची कुठलीही खूण मिळाली नाही.
हाड दोन ठिकाणी मोडलंय. साहेबांनी विचारलं तेव्हा स्ट्रेचरवरून शिट्टी स्वतःच म्हणाला, पाय घसरला माझा. मीही तेच सांगितलं. अठरा वर्षांची ओळख, उगाच त्याची चूक कशाला काढायची?
जेवलो नाही. उकडत होतं.

१ मार्च, शनिवार
शिट्टीला भेटून आलो. हॉस्पिटलमधून घरी आणलंय. खांद्यात धातूच्या पट्ट्या घातल्यात. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि आत निघून गेली, बसा म्हणाली नाही. तिच्यावरही ताण असणार. शिट्टी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बॅटरीबद्दल बोललो, साहेबांच्या घाईबद्दल बोललो. तो एवढंच म्हणाला, मी हात वर केला होता रे.
केला असेल. दुखण्यात माणसाला नेमकं आठवत नाही.

९ मार्च
प्रगती. ही शेजारी उभी राहून हळू आवाजात सांगते: डावीकडे, अजून डावीकडे, आता खाली येतंय, वर घ्या. अडीच मिनिटं. पहिली वेळ! तिच्या सांगण्याची मला गरज नाही, पण तिला उत्साह आहे म्हणून ऐकतो. मात्र विमान तोंडावर येत असताना डावं-उजवं उलटं होतं, हे तिला कळत नाही. तेवढ्यापायी झुडपात गेलं.

१६ मार्च, रविवार
अकरा मिनिटं!!
सविस्तर लिहितो.
वारा मंद, ऊन स्वच्छ. गिरकी घेतली, सोडलं, सरळ वर. क्षणभर नजरेआड झालं. ही म्हणाली, उजवीकडे, खाली, खाली. मी म्हटलं, गप्प, मला शोधू दे. आणि सापडलं! एवढं उंच की काळे-लाल पट्टेही दिसेनात, नुसता काळसर आकार. गरम हवा बरोबर पकडली होती. पंख न हलवता घिरट्या. मी दांडा जरासा डावीकडे केला की ते डावीकडे. क्षणभर उशिरा, पण डावीकडेच. एवढी उंची म्हटल्यावर तेवढा उशीर होणारच. ही एक शब्द बोलली नाही. सगळं मैदान गप्प झालं. सेक्रेटरीसुद्धा आपलं विमान उतरवून माझ्याकडे बघत उभा राहिला. इतक्या शांततेत मी कधी काही केलेलं नाही. केबिनमध्येही नाही. मी मोठ्याने हसत होतो म्हणे.
अकराव्या मिनिटाला ते झाडांपलीकडे सरकलं. मी रिमोट खाली ठेवला, म्हटलं उतरेल. आणि काय सांगू, मेहुण्याने ते आणून दिलं तर पंखाला साधा ओरखडा नाही! माझ्या मागे वीस पावलांवर गवतात बसलं होतं. न बघता पाठीमागे उतरवणं क्लबात कुणाला जमणार नाही. मेहुण्याला अभिनंदन करायला सुचेना, बहिणीकडे बघत राहिला. तिने त्याला हाताने काहीतरी खुणावलं.
उद्या साइटवर मोठं काम. पाण्याची टाकी गच्चीवर चढवायची आहे. नवा सिग्नलमन आहे. काळजी नाही. असा हात बसलेला असताना कसली काळजी?

१७ मार्च, सोमवार
कामावर गेलो नाही.
सकाळी साडेसहाला हेल्मेट घेऊन निघालो तर ही दाराला पाठ लावून उभी. म्हणाली, आज वर चढायचं नाही. मी म्हटलं, बाजूला हो, उशीर होतोय. म्हणाली, "काल तुमचं विमान अर्ध्या मिनिटात पडलं. मागे, गवतात. तुम्ही अकरा मिनिटं घारीकडे बघत होतात."
मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस.
म्हणाली, "घार होती. पंख हलवले तिने दोनदा. सगळ्यांनी बघितलं."
मग तिथेच का नाही सांगितलंस, असं मी ओरडलो. आवाज जिन्यात घुमला. ती म्हणाली, "सांगणार होते. भाऊही सांगणार होता. पण वडील गेल्यापासून तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं. मला तोंडच उघडेना." मग म्हणाली, "त्या टाकीखाली माणसं असणार आहेत आज."
साहेबांना तिनेच फोन केला. मी चपला शोधत होतो. पायातच होत्या.

१९ मार्च, बुधवार
बाजूच्या नजरेची टेस्ट. पांढऱ्या वाडग्यात हनुवटी ठेवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन बिघडलेलं वाटलं, मध्ये मिनिट मिनिट काही चमकतच नव्हतं. तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, मशीन चालू होतं.
डॉक्टरांनी दोन कागद पुढे ठेवले. डावा डोळा जवळजवळ सगळा काळा. उजव्यात मधोमध रुपयाएवढं पांढरं. काचबिंदू. किती वर्षं? असतील सात-आठ, म्हणाले. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकवायचं. क्रेन बंद. गाडी बंद. मी विचारलं, ग्लायडर? त्यांना प्रश्न कळला नाही.
बाहेर येऊन बाकावर बसलो. ही म्हणाली, निघायचं का? मी म्हटलं, शिट्टी डाव्या कडेला होता. ती म्हणाली, हो.

२१ मार्च, शुक्रवार
साहेबांना खरं सांगितलं. वाटलं, चिडतील, पोलिसांना बोलावतील. त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. म्हणाले, पाय घसरला असं कागदावर गेलंय, आता ते उकरू नका, तुमचंही भलं नाही आणि माझंही. तब्येतीच्या कारणाने राजीनामा लिहून घेतला. पेन दिलं, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

२३ मार्च, रविवार
शिट्टीकडे गेलो. ही बरोबर होती. दोन जिने तिच्या खांद्यावर हात ठेवून चढलो. दारात त्याची बायको. ही तिच्याशी काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण यावेळी आम्हाला आत घेतलं.
शिट्टी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला. तो आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी पाठ करून गेलो होतो, पण सगळं विसरलो. म्हटलं, चूक माझी होती. तुझ्या नावावर ढकलली.
तो म्हणाला, ते माहीत आहे. मग विचारलं, "एक सांग. मी हात वर केला तेव्हा तुला दिसलो होतो?"
मी म्हटलं, नाही. सांगितलं सगळं. तक्ता, कागद, रुपयाएवढं भोक.
"नक्की दिसलो नाही?"
नाही म्हटलं.
त्याने डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, ओठ लहान मुलासारखे हलायला लागले. म्हणाला, "मला वाटलं, बघूनही थांबला नाहीस. रोज तेच वाटायचं. अठरा वर्षांत मी असं काय केलं, तेच शोधत पडून होतो."
मी त्याचा डावा हात धरायला गेलो. अंदाज चुकला, खुर्चीचा दांडा हातात आला. त्यानेच हात पुढे केला.
दिसला नाहीस, एवढं त्याला सांगायला मला एकतीस दिवस लागले.