एका रविवारात महिनाभराची केशरमाय

५ जानेवारी, रविवार

लाज गेली! ऑनलाइन क्लासमधल्या बाईंनी आज सगळ्यांसमोर माझं पेज उघडलं. 'केशरमाय चटणी'. शेवटचा फोटो कशाचा? दिवाळीच्या पणत्यांचा! आणि इकडं संक्रांत तोंडावर आली. "पल्लवीताई, दुकान बंद पडलं का?" किती बायका हसल्या असतील कोण जाणे. सगळ्यांचे कॅमेरे बंद होते, तेवढं बरं.

बाईंचं म्हणणं एकच — सातत्य. आपण कसे? सुचलं की एका दिवसात सात फोटो, मग महिनाभर सुट्टी. तसं नाही चालत. रोज एक व्हिडिओ, रोज त्याच वेळी. महिनाभराचे एकदम काढून तारखा लावून ठेवायच्या, मग ते आपोआप पेजवर पडत राहतात.

आत्याबाईंना सांगितलं. चटणी सासूची, फोन सुनेचा, एवढाच तर आमचा धंदा! त्या म्हणाल्या, "एका दिसात महिन्याचं? मंग बाकीचे दिस काय करू, झोपून राहू?"

८ जानेवारी, बुधवार

भिंतीवर तक्ता लावला. सोमवारी कारळं, मंगळवारी जवस, बुधवारी शेंगदाणा... प्रज्ञेश औंढ्याहून मेडिकल बंद करून आला, तक्ता वाचला आणि म्हणाला, "गुरुवारी नवऱ्याचा फोटो टाक." टाकणार नाही!

एक अडचण. सगळं एकाच दिवशी काढायचं म्हटल्यावर आत्याबाई महिनाभर एकाच लुगड्यात दिसणार. त्यांच्याकडं लुगडी तरी किती — एक नेसायचं, एक वाळत घातलेलं आणि एक पांढरं, विहारात वंदनेला जायचं. मी विचार करत बसले, तोवर त्या गल्लीत फिरून आल्यासुद्धा. द्वारकाबाईचं जांभळं, जनकाबाईचं हिरवं, कुणाचं लग्नातलं, कुणाचं आहेराचं. गाठोडं एवढं मोठं की परटीण आल्यासारखी वाटली!

१२ जानेवारी, रविवार

हात मोडून आलाय, तरी लिहिते.

गच्चीवर चूल, उखळ, परडी. दोरीवर चादर टाकली, तिच्यामागं लुगडं बदलायचं. द्वारकाबाई आपल्या लुगड्याची राखण करायला दिवसभर तिथंच! "तेल सांडशील माय!" जेवायलाही उतरली नाही. आत्याबाईंनाच चेव आला होता. मी म्हटलं, फोनकडं बघू नका, तर फोनलाच समजावून सांगायला लागल्या — "जवस असा भाजावा का त्यो हासला पायजे. तडतडला म्हंजे हासला. काहून घाई करता? हासू द्या त्याला." मी इतकी हसले की फोन हलला. दोन व्हिडिओ वाया गेले. गेले तर गेले.

लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एवढ्या कधी बोललो नव्हतो. फार मजा आली आज.

१३ जानेवारी, सोमवार

सगळं ऐकायला बसले आणि माझं तोंड उतरलं. काहून, न्हाई, करून राहिले... मध्येच द्वारकाबाई खोकतेय, खाली जीपचा हॉर्न. पुण्याच्या गिऱ्हाइकाला काय कळणार? आवाज काढून टाकला. बासरी लावली, आणि बोलणं हवं तिथं माझा आवाज. छान, स्वच्छ.

प्रज्ञेश म्हणाला, "मायला विचारलं का?"

त्यांना काय समजतंय त्यातलं! त्यांचा फोन बटणाचा. माझ्या फोनवर चित्र बघतात आणि खूश होतात.

१६ जानेवारी, गुरुवार

चाललं! चाललं! पण कशानं? लुगड्यांनी! परवा द्वारकाबाईचं जांभळं पेजवर आलं. तिनं तो व्हिडिओ माहेरच्या, सासरच्या, बचत गटाच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला — "माझं लुगडं बघा." तिच्या पुण्याच्या लेकीनं लगेच दोन किलो मागवली. आता गल्ली मला रस्त्यात अडवते, "माझ्या लुगड्याचा नंबर कवा?" तक्ता घरातून काढून दारावर लावावा लागला. क्लासमधल्या बाईंनी हे काही शिकवलं नव्हतं.

परभणी, हिंगोली, वाशीम, सगळीकडून फोन. आत्याबाई दिवसभर उखळापाशी गाणं गुणगुणत होत्या. मी त्यांना व्हिडिओ दाखवते, फक्त आवाज बारीक ठेवते.

१९ जानेवारी, रविवार

विहारात वंदना झाली, बायका पायरीवर बसल्या आणि द्वारकाबाईनं व्हिडिओ मोठ्यानं लावला. "केशर, तुह्या तोंडातून तुही सून बोलून राहिली!" सगळ्या हसल्या. आत्याबाईही हसल्या. मला वाटलं, निभावलं.

घरी आल्यावर नाही हसल्या. "माझं थोबाड चालते, माझी जबान चालत न्हाई व्हय?"

तेव्हा गप्प बसायचं ना! मी म्हटलं, "लोकांना समजायला नको का?"

"चाळीस वर्सं बाजारात बसले म्या. ह्याच बोलीत चटणी इकली. कोन्ही म्हनलं न्हाई का समजलं न्हाई."

पिशवी भरली आणि जीपनं सेनगावला निघून गेल्या. बहिणीकडं, पारूमावशींकडं. जाताना चटणीचं तिखट कुठल्या डब्यात आहे ते प्रज्ञेशला सांगितलं. मला नाही.

२० जानेवारी, सोमवार

आज पेजवर आत्याबाई हसत होत्या. जनकाबाईच्या हिरव्या लुगड्यात, माझ्या आवाजात.

२३ जानेवारी, गुरुवार

औंढ्याला डबे आणायला गेले. दुकानातली बाई ओरडलीच — "अगं बाई, केशरमायची सून! सासू-सून असाव्यात तर अशा!" दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी पण हसले. काय करणार? घरात माणूस नाही आणि पेजवर रोज आमचं प्रेम उतू चाललंय! कुणाला सांगायची सोय नाही.

पारूमावशींची सून दिपा, तिचा मेसेज — "मोठ्या आत्याबाई रोज सकाळी माझ्या फोनवर तुमचं पेज बघतात. आवाज बंद करून."

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

वाशीमच्या गिऱ्हाइकाचा फोन. "ताई, चव बदलली का हो?" बदलली. बदलणारच! जवस माझ्या हातून एकदा कच्चा राहतो, एकदा करपतो. हसतो कधी तेच मला कळत नाही.

सेनगावला फोन लावला. पारूमावशी म्हणाल्या, "ती न्हाई बोलत." मग मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि मावशी म्हणाल्या, "आच बारीक ठिव. हे म्या म्हनून राहिले, ती न्हाई."

आच बारीक ठेवली. जरा बरी झाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रज्ञेश कामावर गेल्यावर मूळ व्हिडिओ काढून बसले. सगळे, आवाजासकट. शेंगदाण्याच्या चटणीचं सांगता सांगता आत्याबाई मध्येच थांबतात — "पोरी, घटकाभर टेक. सकाळपून फोन धरून उभी हाईस, हात दुखला असंल तुहा."

हे मी कापलं होतं! माझ्याच काळजीचं बोलणं, आणि त्यावर बासरी लावली. आज एकटीच ओक्साबोक्शी रडले. त्यांची आठवण येते, साधी गोष्ट आहे. उखळ मुकं पडलंय आणि घर खायला उठतं.

उरलेले सगळे व्हिडिओ बदलले. आता त्यांचाच आवाज — खोकल्यासकट, हॉर्नसकट. उद्या बघतील. बघितल्यावर तरी फोन करतील.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल नाही, आजही नाही. इकडं लोक वेडे झालेत — 'हासू द्या त्याला' म्हणून पोरं रस्त्यात चिडवतात. सेनगावहून मात्र शब्द नाही.

आत्ता भाजी चिरता चिरता ट्यूब पेटली — त्या आवाज बंद करून बघतात!!

८ फेब्रुवारी, शनिवार

दिपाला सांगितलं, जरा आवाज वाढव ना. ती म्हणाली, "हात लावू देत न्हाईत." मग प्रज्ञेशला पाठवलं, मायला घेऊन ये. हात हलवत परत आला. "माय म्हने, सध्या येळ न्हाई, लई काम हाय." सेनगावात त्यांना कसलं काम? तोही बुचकळ्यात पडलाय.

व्हिडिओ संपत आले. सोमवारी शेवटचा. मग पेजवर पुन्हा शुकशुकाट. क्लासमधल्या बाईंना काय तोंड दाखवू? बाईंचं जाऊ दे. सकाळी उठून आत्याबाई दिसणार नाहीत, त्याची जास्त धास्ती वाटते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पेजवर आज काही नाही. मी तरी पाच वेळा उघडून बघितलं.

तेवढ्यात द्वारकाबाई धावत आली, पदर एकीकडं, फोन एकीकडं. "पाह्य! पाह्य!" नवीन पेज! नाव काय — 'खुद्द केशरमाय'!

आत्याबाई, स्वतःच्या नेसत्या लुगड्यात. फोन वाकडा, कोपऱ्यात दिपाचा अंगठा. "जय भीम मंडळी. ही चटणी माझी अन् जबानबी माझीच. आदी जी बोलत व्हती ती आमची सून हाय. पोरगी लाखाची हाय, पन जवस कच्चा ठिवती."

गल्ली हसून लोळली. मी तर रडले का हसले तेच समजलं नाही. सख्ख्या सासूनं समोर दुकान मांडलं! आणि रोजच्या वेळेला, एक मिनिट मागंपुढं न करता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच 'खुद्द केशरमाय'ला ऑर्डर टाकली. जवसाची चटणी, एक किलो. नाव : पल्लवी. पत्ता : शिरड शहापूर, विहाराच्या मागं. घरपोच पाहिजे.

आत्ता उत्तर आलं. लिहून नाही, बोलून — "मिळंल घरपोच. कुलूप लावून कुठं जाऊ नको. जीपमदी बसून राहिले."