उजवा तुकडा

प्रिय करिष्मा,

तुझं ते संशोधन तिकडं पुण्यातच ठेवायचं, बापाच्या कानात कशाला घातलंस? एवढी शिकलीस, पण कुणाला काय सांगावं ते न्हाई शिकलीस. फोन लावावा तर "आई, काम चालूय" म्हणून ठेवतीस. म्हणून लिहितेय. चौथीपुरतं अक्षर हाय माझं, लागंल तसं वाच.

दिवाळीला आलतीस तवा तुझ्या बापानं, अण्णांनी, पायाच्या आगीवरची पिवळी गोळी दाखवली. घेत जा म्हणून मोकळं व्हायचं, तर तू ओट्यावर बसून सांगत सुटलीस. त्या औषधाची म्हणे दोन रूपं, आरशात बघितल्यावानी, एक उजवं, एक डावं. पेशीला गंज चढू नये म्हणून आत राखणदार असत्यात, त्यांना कोणतं रूप जागं करतं ते तू तपासतीस. आणि दुकानच्या गोळीत दोन्ही निम्मी-निम्मी. मला ढेकळं कळलं न्हाई. अण्णा म्हणाले, म्हंजे बैलाचं हाय. उजवीकडं चालणारा बैल डावीकडं जुंपला की दिसाया तोच, पण औत वढीत न्हाई. तू टाळी वाजवून अगदी बरोबर म्हणालीस. तिथंच घात झाला.

जोडीतला एक बैल सोडता येतो ना. तवापासून रोज उगवतीकडं तोंड करून अडकित्त्यानं गोळी फोडत्यात. उजवा तुकडा पोटात, डावा उकिरड्यावर. मी म्हणलं, अहो, मीठ घालून मळलेला गोळा मधून तोडला तर मीठ एकाच तुकड्यात येतं का? तर म्हणत्यात, "तुला काय कळतंय, पोरीनं सांगितलंय." मग साखरेच्या दुखण्याची गोळी बी तशीच निम्मी. पारावर बसून शहादेवभाऊजींना शिकवलं, तर ते बीपीची फोडाया लागले. त्यांच्या बायकोनं मला भर रस्त्यात झाडलं.

लई चिडलेय मी. पण आजवर कुणी पोरगी काय करती इचारलं की अण्णा खाली बघून म्हणायचे, काहीतरी औषधाचं. आता छाती काढून सांगत्यात. तुझं काम त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि तेच चुकीचं कळलं.

आता कशापायी लिहिलं ते ऐक. त्यांच्या पायाचं बोट काळं पडलंय. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी बोट काढू, न्हाईतर पाय जाईल. हे म्हणत्यात थांबा, पोरीची गोळी हाय, काम करील. सही करंनात. तू फोनवर सांगितलं तर सोयीचं तेवढंच ऐकत्यात. म्हणून तुझ्या हातानं कागदावर लिही की गोळी सगळी खायची आणि बोट काढायचं. मी ह्या चिठ्ठीचा धाडलाय तसाच फोटो काढून मोबाइलवर धाड, मी त्यांच्याम्होरं वाचते. त्यांना येड्यात काढू नको, तुझंच सांगायचं चुकलं असं लिही. गुरुवारी दिवेलागणीच्या आत तुझा कागद आला पायजे.

तुझीच,
माय