ताईच्या कॉम्प्युटरमधला ब्राउझर

प्रिय ताई,

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा हवापाण्यावर बोलून फोन ठेवला. शेकडो माणसांपुढे मी अडखळत नाही, पण तुझ्यापुढे जीभ उचलत नाही. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी तू तपासणीला दवाखान्यात गेली होतीस आणि मी 'जरा साफ करतो' म्हणून तुझ्या कॉम्प्युटरपुढे बसलो. माझं मत तुला पाठ आहे. मशीन आपण विकत घ्यायचं, कंपनीने त्यात स्वतःचा ब्राउझर बसवून ठेवायचा आणि काढायची सोयच ठेवायची नाही, ही शुद्ध दादागिरी आहे! आपल्याच घरात आपल्यालाच चोरी! हे मी आजही मानतो. तू मात्र म्हणायचीस, "अरे, तो बिचारा माझ्या काय वाटेला जातो? भाषण संपलं असेल तर जेवायला बस."

काढायचं बटण फिकट होतं, दाबलंच जाईना. मला चेवच चढला. कमांड लिहून, आडवाटेने शिरून तो मुळासकट उपटला. साठवलेली माहितीही पुसायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. न वाचल्यासारखं करून मी 'हो' केलं. दुसरा ब्राउझर बसवून ठेवला होता. तू आलीस, तो उघडलास आणि विचारलंस, "ह्यांच्या ओळी कुठे गेल्या?"

भावोजींनी शेवटच्या आजारपणात तुझ्यासाठी एकेक पान बुकमार्क करून त्याला आपल्या शब्दांत नाव दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. 'डॉक्टरची वेळ, निळं बटण, घाबरू नकोस.' 'लेकीचे फोटो, रडायचं नाही.' 'शब्दकोडं, आज तरी मला विचारू नकोस.' तू एकेक आठवून सांगत होतीस आणि मी मान खाली घालून माऊस हलवत होतो. दोन दिवस झटलो, एकही ओळ परत आली नाही. पुढच्याच आठवड्यात कंपन्यांच्या दादागिरीविरुद्धच्या सभेत मी हा पराक्रम रंगवून सांगितला, टाळ्याही घेतल्या. ओळींबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि तुला काय सांगितलं? "अपडेटची गडबड असेल, नाहीतर चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल." कोणाकडून, ते मुद्दाम बोललो नाही.

काल तुझी लेक भेटली. म्हणाली, आईने कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे, डॉक्टरची वेळ घ्यायलाही शेजारच्या काकूंना बोलावते. "त्यांचं एवढंच उरलं होतं, तेही माझ्या हातून गेलं," असं म्हणून डोळे पुसते. ताई, तुझ्या हातून काहीही गेलेलं नाही. ते मी पुसलं, आणि तू स्वतःला दोष देशील हे ठाऊक असून गप्प बसलो. रविवारी येतो आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
बोलघेवडा धाकटा