पिशवी गेली, पाळी राहिली

६ फेब्रुवारी

पुन्हा डाग! पिशवी काढून चार महिने झाले, तरी दर महिन्याला हे आहेच. दोन-तीन दिवस, थोडंसंच — पण आहे. ऑपरेशननंतर उरलेले पॅड मी मोठ्या ऐटीत कामवालीला देऊन टाकले होते. आज ऑफिसातून येताना झिरकपूरच्या जॅममध्ये तासभर तसंच बसून, मग केमिस्टकडे उतरून नवे आणले. चोरासारखे.

७ फेब्रुवारी

सांगलीहून सासूबाईंचा फोन. "सुटलीस बाई! आता कसली अडचण नाही. यंदा चैत्रगौर तूच बसव." हो म्हटलं. काय सांगणार? कपाळ!

अक्षराला बाथरूममध्ये पॅड दिसलाच. तेरा वर्षांची आहे, सगळं कळतं. मी मराठीत काहीतरी थाप मारली, ती इकडच्या पोरांसारखी हिंदीत म्हणाली, "मम्मा, डॉक्टर को दिखाओ, पक्का." आई कोण आणि लेक कोण!

११ फेब्रुवारी

हृषीकेशने ड्रॉवरमध्ये निरोधचं नवं पाकीट आणून ठेवलंय. म्हटलं, अरे, मूल राहणार कुठे — गॅलरीत? तर म्हणतो, रक्त येतंय ना, मग काही सांगता येत नाही. इंजिनिअर माणूस! वैतागले. पण नंतर भांडी लावताना ते "काही सांगता येत नाही" उगीच डोक्यात घोळत राहिलं.

१९ फेब्रुवारी

दमले.

३ मार्च

पुन्हा आलं. आता भीती वाटते. कॅन्सर असला तर? अक्षराचं कसं होणार? हृषीकेशला अखेर ही भीती सांगितली. त्याने लगेच उद्याचीच वेळ घेतली.

४ मार्च

सेक्टर ३४. क्लासच्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे. तपासलं, नमुना घेतला, सोनोग्राफी केली. मग कागदावर चित्र काढून समजावलं. पिशवी काढली, पण तिचं तोंड ठेवलंय. तिथे आतलं अस्तर जरासं उरलं असणार. बीजकोश शाबूत आहेत, ते आपला महिना पाळतात, म्हणून थोडं रक्त जातं. "मैंने बताया तो था, मुँह छोड़ रहे हैं." हो, सांगितलं होतं. आम्ही दोघांनीही "हां जी, हां जी" करून माना डोलावल्या होत्या. कळलं होतं कुणाला!

निरोधचं हृषीकेशनेच विचारलं, कान लाल करून. त्या हसल्या. गरज नाही म्हणाल्या, आता मूल राहत नाही. एकदा म्हणाल्या, मग मी विचारलं म्हणून पुन्हा म्हणाल्या.

मी का विचारलं पुन्हा?

१२ मार्च

रिपोर्ट चांगले आले. देवा! तोंड आहे तोवर ती नमुन्याची तपासणी अधूनमधून करत राहायची, एवढंच. हृषीकेशने येताना जिलबी आणली. अक्षराने मला मिठी मारली आणि सोडेचना.

सगळे खूश. मीही आहे. अक्षरा पाच वर्षांची झाली की दुसरं बघू, असं ठरलं होतं. मग इकडे मोहालीची नोकरी आली, मग करोना, मग माझ्या पिशवीतल्या त्या गाठी. बघायचं राहूनच गेलं.

१३ मार्च

सकाळी हृषीकेशने ड्रॉवरमधलं पाकीट कचऱ्यात टाकलं. "सुटलो!" म्हणाला आणि शीळ घालत ऑफिसला गेला.

मी ते बाहेर काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.